बागबाजारचे गिरीशबाबू : एक नट, अनेक मतं



कोलकात्याला श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या नाक्यावर, घोड्यावर स्वार झालेल्या नेताजींच्या पुतळ्यापाशी उतरा आणि गंगेच्या दिशेनं चालू लागा. थोड्याच वेळात बागबाजार लागतं. जुने वाडे, त्यांच्यामधून वळत जाणाऱ्या गल्ल्या, मिठाईची दुकानं, पलीकडे घाट. नवीनचंद्र दासांनी 1868 साली रसगुल्ला लोकांपुढे आणला तो याच वस्तीत. भगिनी निवेदितांची शाळा सुरू झाली ती इथल्याच बोसपाडा गल्लीत. याच भागात गिरीश अ‍ॅव्हेन्यू नावाचा रुंद रस्ता आहे आणि त्या रस्त्याच्या मधोमध एक घर उभं आहे. रस्ता तिथे दुभंगतो, घराला वळसा घालून दोन्ही बाजूंनी पुढे जातो आणि पुन्हा एक होतो. नवा रस्ता आखताना आजूबाजूचं बरंच पाडलं गेलं, पण हे घर राखलं. ते घर गिरीशचंद्र घोष यांचं. नट, नाटककार, दिग्दर्शक, नाटकमंडळीचे व्यवस्थापक. बंगाली माणूस त्यांना गिरीशबाबू म्हणतो.

आज मला त्यांच्याबद्दलच्या मतभेदांविषयी बोलायचं आहे. गिरीशबाबू 1912 साली गेले. त्यांना रंगमंचावर पाहिलेलं कुणीही आज हयात नाही. तरी ते किती मोठे नट होते, त्यांनी मागे काय ठेवलं, यावरचा वाद बंगालमध्ये अजून मिटलेला नाही. आपल्याला हे नवं नाही. बालगंधर्वांच्या उतारवयातल्या प्रयोगांवरून आपल्याकडेही घराघरांत दोन पक्ष पडत असत. एकाच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि दुसरा म्हणायचा, आता पुरे. मला त्या दोघांचंही म्हणणं समजून घ्यावंसं वाटतं.

आधी थोडा काळ समजून घेऊ. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते 1843 साली. पुढच्याच वर्षी, 28 फेब्रुवारी 1844 रोजी, बागबाजारात गिरीशचंद्रांचा जन्म झाला. पोटापाण्यासाठी ते एका व्यापारी कचेरीत हिशेबनीस होते. दिवसा खातेवह्या आणि संध्याकाळी तालमी. बागबाजारच्या हौशी मुलांनी दीनबंधू मित्रांचं ‘सधवार एकादशी’ बसवलं. त्यात निमचाँद नावाचा शिकलेला, बुद्धिमान आणि दारूत बुडालेला तरुण आहे. ती भूमिका गिरीशबाबूंनी केली आणि त्यांचं नाव झालं.

पहिला मतभेद त्यांच्या मित्रमंडळीतच झाला. 7 डिसेंबर 1872 रोजी याच मंडळींनी नॅशनल थिएटर या नावानं, तिकीट लावून ‘नीलदर्पण’ केलं. बंगालच्या सार्वजनिक रंगभूमीचा प्रारंभ त्या प्रयोगापासून मानतात. गिरीशबाबू त्यात नव्हते. त्यांचं म्हणणं होतं, धड रंगमंच नाही, पुरेसं साहित्य नाही, अशा स्थितीत ‘नॅशनल’ हे नाव घेऊन पैसे आकारले तर परक्यांसमोर आपलीच शोभा होईल. त्या रात्री बाजी मारली अर्धेंदुशेखर मुस्तफींनी. एकाच नाटकात निळीच्या गोऱ्या मळेवाल्यापासून घरातल्या म्हाताऱ्या आईपर्यंत चार पात्रं त्यांनी उभी केली.

इथून एक तुलना सुरू झाली आणि ती पुढे टिकली : थोर नट कोण, गिरीश की अर्धेंदु? अर्धेंदुशेखर भूमिकेत विरघळून जायचे. गिरीशबाबू उभे राहिले की सगळा रंगमंच त्यांच्याभोवती गोळा व्हायचा. आपल्याकडे गणपतराव जोश्यांचा हॅम्लेट पाहिलेली माणसं त्यांच्या वाणीबद्दल जसं बोलत, तसं बंगालमध्ये गिरीशबाबूंच्या शब्दफेकीबद्दल बोललं जाई. 1877 साली त्यांनी मायकेल मधुसूदन दत्तांच्या ‘मेघनादवध’ काव्याचं नाटक केलं आणि त्यात राम आणि मेघनाद या दोन्ही भूमिका स्वतः केल्या. दोन शत्रुपक्ष, नट मात्र एकच. तेव्हापासून त्यांना ‘बंगालचा गॅरिक’ म्हणू लागले. डेव्हिड गॅरिक हा अठराव्या शतकातला इंग्लंडचा नामांकित नट.

त्यांच्या नटपणाचा सर्वांत भक्कम पुरावा मला त्यांच्या छंदात दिसतो. मधुसूदनांनी बंगालीत निर्यमक छंद आणला होता, पण त्याच्या ओळींत अक्षरसंख्या ठरलेली. रंगमंचावर बोलताना नटाचा दम तुटायचा. गिरीशबाबूंनी त्या ओळी मोडल्या. राग आला की ओळ आखूड, विनवणी असली की लांब, शोकात एखादाच शब्द. बंगालीत त्याला ‘गैरिश छंद’ असंच नाव आहे. श्वास कुठे घ्यायचा हे रोज रात्री प्रेक्षकांसमोर शिकलेल्या माणसालाच असा छंद सुचतो. त्यांचा आवाज आपण ऐकलेला नाही, पण त्या आवाजाचं माप त्या ओळींत राहिलं आहे.

आता विरोधी मत ऐकू. टीकाकार म्हणतात, गिरीशबाबूंनी फार लिहिलं आणि घाईनं लिहिलं. लहानमोठी मिळून सुमारे ऐंशी नाटकं. ते तोंडानं सांगत आणि लेखनिक लिहून घेत. पौराणिक चमत्कार, भक्तीचा पूर, रडवणारे प्रसंग, मध्येच नाच-गाणी. तिकीटखिडकीवर डोळा ठेवून केलेलं काम, असं हे मत आहे. त्यात तथ्य आहे. पण 1893 सालची गोष्टही ऐका. नवं मिनर्व्हा थिएटर त्यांनी उघडलं ते शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’नं. भाषांतर स्वतःचं, मुख्य भूमिका स्वतःची, लेडी मॅकबेथ तिनकडी दासी. आपल्याकडे शेक्सपिअरला मराठी कपडे घालायची रीत होती. ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ झाला, मॅकबेथचा ‘मानाजीराव’ झाला. गिरीशबाबूंनी मॅकबेथला मॅकबेथच ठेवलं. जाणकारांनी वाखाणलं, इंग्रजी वृत्तपत्रांनीही वाखाणलं, पण प्रेक्षक फिरकले नाहीत. मग त्याच वर्षी त्यांनी ‘अबू हुसेन’ हे नाचगाण्यांचं हलकंफुलकं नाटक लावलं आणि थिएटर भरलं. पन्नास-साठ माणसांचा पगार ज्याच्या गळ्याशी असतो, त्याच्या ‘अबू हुसेन’कडे बोट दाखवताना त्याच्या ‘मॅकबेथ’कडेही पाहावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

तिसरं मत भक्तांचं. 21 सप्टेंबर 1884 रोजी श्रीरामकृष्ण परमहंस बीडन स्ट्रीटवरच्या स्टार थिएटरात गिरीशबाबूंचं ‘चैतन्यलीला’ पाहायला आले. थिएटर म्हणजे सभ्य माणसानं पाऊल टाकू नये अशी जागा, असा तो काळ. त्यानंतर गिरीशबाबू त्यांचे शिष्य झाले. दारू सुटली नव्हती, तोंड फटकळ होतं, तरी गुरूंनी त्यांना जवळ केलं. त्यामुळे असंख्य बंगाली घरांत गिरीशबाबू आजही आधी भक्त आहेत, मग नट. माझ्या मते या भक्तीनं त्यांचं नाव जपलं, पण त्यांची कला थोडी झाकली. ‘प्रफुल्ल’ हे 1889 सालचं नाटक पाहा. बँक बुडते, कर्ता भाऊ योगेश दारूला लागतो, वकील असलेला धाकटा भाऊ घर गिळतो. आपल्या ‘एकच प्याला’च्या सुमारे तीस वर्षं आधीची ही गोष्ट. त्यात देव वाचवायला येत नाही. शिशिरकुमार भादुडींनी पुढे बंगाली रंगभूमीची जुनी वळणं बदलली, पण योगेशची भूमिका त्यांनाही करावीशी वाटली.

आणि आपल्या जवळची एक गोष्ट. वंगभंगाच्या चळवळीत गिरीशबाबूंनी ‘सिराजुद्दौला’, ‘मीर कासीम’ आणि 1907 साली ‘छत्रपति शिवाजी’ लिहिलं. सखाराम गणेश देऊस्कर हे बंगालीत लिहिणारे मराठी गृहस्थ शिवाजी उत्सवाचा प्रसार तिथे करत होते, 1906 साली टिळक त्या उत्सवासाठी कोलकात्याला जाऊन आले होते. बंगाली आजीच्या अंगाईत ज्या मराठ्यांची भीती घातली जायची, त्यांचा राजा बंगाली रंगमंचावर नायक झाला. सरकारनं 1911 साली या नाटकावर बंदी घातली. त्याच सुमारास आपल्याकडे खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’चीही तीच गत झाली होती. उत्पल दत्त, म्हणजे ‘गोलमाल’मधले आपल्या ओळखीचे मिश्यांचे शेठजी, हे मुळात बंगाली रंगभूमीचे मोठे नट आणि दिग्दर्शक. त्यांनी ‘गिरीशमानस’ हा ग्रंथ लिहून भक्तीच्या आवरणाआडचे, लोकांची नाडी ओळखणारे गिरीशबाबू दाखवले.

आता सर्वांत अवघड साक्ष. विनोदिनी दासी. बंगालमध्ये 1873 पासून सार्वजनिक रंगभूमीवर स्त्रिया आल्या, बालगंधर्वांनी चेहऱ्याला रंग लावण्याच्या तीसेक वर्षं आधी. त्या स्त्रियांना समाज पतिता म्हणत असे. विनोदिनी अकरा-बारा वर्षांची असताना रंगमंचावर आली. गिरीशबाबूंनी तिला घडवलं. ‘मेघनादवधा’त तिनं सात भूमिका केल्या, ‘चैतन्यलीले’त ती चैतन्य महाप्रभू झाली आणि रामकृष्णांनी तिला आशीर्वाद दिला. 1883 साली गिरीशबाबूंच्या मंडळींना स्वतःचं थिएटर हवं होतं. गुर्मुख राय हा धनिक तरुण पैसे द्यायला तयार होता, पण त्याला विनोदिनी हवी होती. मंडळींनी गळ घातली आणि ती राजी झाली. थिएटरला तिचं नाव देऊ, असं तिला सांगितलं होतं. नोंदणी झाली तेव्हा नाव निघालं ‘स्टार’. चोवीस वर्षांच्या आतबाहेर, ऐन भरात, तिनं रंगभूमी सोडली आणि पुन्हा तिथे पाऊल ठेवलं नाही.

हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण गिरीशबाबूंवर माझं प्रेम आहे. पण गुरूचं मोठेपण सांगताना शिष्येचं देणं झाकून ठेवणं मला पटत नाही. 2024 च्या अखेरीस पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांनी हातीबागानच्या स्टार थिएटरला विनोदिनीचं नाव देत असल्याचं जाहीर केलं. बीडन स्ट्रीटवरची मूळ इमारत केव्हाच गेली होती. दिलेला शब्द पाळला जायला एकशे एक्केचाळीस वर्षं लागली.

मग शेवटी गिरीशबाबूंबद्दल कोणतं मत धरायचं? विनोदिनीनं स्वतः काय केलं, ते ऐका. तिनं ‘आमार कथा’ हे आत्मचरित्र लिहिलं आणि प्रस्तावना मागितली गुरूंकडेच. गिरीशबाबूंनी ती लिहिली, तिच्या अभिनयाचं कौतुक केलं. तिला ती पसंत पडली नाही, कारण जे घडलं त्यातलं बरंच त्यांनी टाळलं होतं. कटू सत्य दर वेळी सांगू नये, असं त्यांचं म्हणणं. दुसरी लिहून देतो म्हणाले आणि त्याआधीच, 8 फेब्रुवारी 1912 रोजी, गेले. पुढच्या आवृत्तीत विनोदिनीनं त्यांची तीच जुनी, तिला न पटलेली प्रस्तावना छापली. आपली तक्रार मात्र तिनं पुसली नाही.

एकाच पुस्तकात गुरूचं म्हणणं आहे आणि शिष्येचं गाऱ्हाणंही आहे, एकाच शिलाईत बांधलेलं. तिच्याइतकं जवळून गिरीशबाबूंना कुणी पाहिलं होतं? तिला दोन्ही ठेवावंसं वाटलं. आपणही दोन्ही ठेवूया.