वसंत सरवटे यांची रेषा



मासिकातले चित्र म्हणजे दोन मजकुरांमधली रिकामी जागा भरण्याची सोय, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांनी ती आयुष्यभर खोडून काढली. व्यवसायाने ते इंजिनियर. भिंतीला लागतील तेवढ्याच विटा, तशा चित्राला लागतील तेवढ्याच रेषा, हा हिशेब त्यांच्या कामात दिसतो.

‘ललित’ मासिकात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने साहित्यिकांची थट्टा करीत. लेखक पडद्याआड, पण सरवट्यांनी हातोडा घेतलेला ठणठणपाळ काढला आणि वाचक त्याला चेहऱ्याने ओळखू लागले. नाव दळवींचे, देह सरवट्यांचा! याला नुसती सजावट कशी म्हणावी?

आपल्या एका पुस्तकाला त्यांनी ‘व्यंगचित्र : एक संवाद’ असे नाव दिले. संवाद म्हटला की दुसरा माणूस आलाच. तो दुसरा म्हणजे आपण. निम्मे चित्र चित्रकार काढतो. उरलेले पाहणाऱ्याने मनात पुरे करायचे असते. म्हणून दिवाळी अंक हाती आला की नुसते हसून पान उलटू नका, क्षणभर थांबा. घाईच्या वाचकाशी सरवट्यांची रेषाही बोलणार नाही.