पळी कुणासाठी बुडवायची?

मैत्रिणींनो, युद्धकाळात ज्यू समाजाने एकमेकांना कसं सावरलं यावर बोला, असं तुम्ही सांगितलंत. मी मुख्यतः एका स्वयंपाकघराबद्दल बोलणार आहे.

नोव्हेंबर १९४० मध्ये नाझींनी वॉर्सामधली ज्यूंची वस्ती भिंतीआड बंद केली. आत चार लाखांवर माणसं. इमारतीइमारतींत घरसमित्या उभ्या राहिल्या. वर्गणी काढायची, आजाऱ्यांचं बघायचं, मुलांना जेवू घालायचं. पुढे पुरुष थकले तशा बायकांनी या समित्या हाती घेतल्या. (ओळखीचं वाटतंय ना?)

राखेल आउएरबाख ही लेखिका लेश्नो रस्त्यावर सार्वजनिक स्वयंपाकघर चालवायची. तिथल्या पातळ सुपावर कुणी जगत नाही, हे तिला रोज दिसायचं. एखाद्याला जास्त वाढावं, तर ते दुसऱ्याच्या वाटणीचं! इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लूम यांनीही १९४२ मध्ये हाच प्रश्न नोंदवला: सगळ्यांना चमचा-चमचा द्यायचं आणि कुणीच वाचायचं नाही, की थोड्यांनाच पुरेसं द्यायचं? 'गरजू' बायकांची यादी करताना माझं पेन इथेच अडतं.

रिंगेलब्लूम यांच्या गुप्त संग्रहासाठी सेसिलिया स्वापाकोवा हिने वस्तीतल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या. पोट भरायला त्यांनी काय काय केलं, ते लिहून ठेवलं. १९४२ च्या हद्दपारीत तीही मारली गेली.

आउएरबाख मात्र वाचली. युद्ध संपल्यावर, तो संग्रह उकरून काढा म्हणून ती सगळ्यांच्या मागे लागली. १९४६ मध्ये त्याच्या पहिल्या पत्र्याच्या पेट्या ढिगाऱ्याखाली सापडल्या.