पाळणाघरातील मधल्या वेळचे खाणे

दुपारचे चार वाजले की रायपुरातल्या पाळणाघरांत झोपेतून उठलेली मुले एकेक करून भिंतीपाशी येऊन बसतात. कुणाचा डोळा अजून उघडलेला नसतो, कुणी कारणावाचून रडत असते. त्या रडण्याचे कारण बहुधा भूक हेच असते. जेवण होऊन चार तास लोटलेले असतात आणि आई कचेरीतून येण्यास अजून दोन तास अवकाश असतो. अशा वेळी बिस्किटांचा पुडा फोडणे सर्वांत सोपे. रडे तत्काळ थांबते, भांडी घासावी लागत नाहीत आणि घरूनही तक्रार येत नाही. परंतु हा सोपा मार्ग मुलाला किती महाग पडतो, याचा हिशेब क्वचितच कुणी मांडतो.

तात्यापारा, बूढापारा या जुन्या वस्त्यांतील मराठी घरांत एके काळी या वेळेची काळजी आजीच्या हाती असे. भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात मराठी माणसे आली, काही येथेच रुजली. आजीच्या डब्यात मऊ भात, मेतकूट, तूप, गुळाचा खडा असे काहीबाही सदैव असे. सन 2000 मध्ये रायपूर राजधानी झाले, कचेऱ्या वाढल्या, कुटुंबे लहान झाली आणि आजीचे काम पाळणाघराकडे आले. डबा मात्र तिच्याबरोबरच राहून गेला.

लहान मुलाच्या जठराची धारणशक्ती त्याच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे 30 मिलिलिटर धरतात. म्हणजे दहा किलो वजनाच्या दीड वर्षाच्या मुलाचे पोट 300 मिलिलिटरमध्ये भरते. मोठ्या माणसाप्रमाणे दोन वेळा भरपूर जेवून त्याचे भागणे शक्य नाही. म्हणूनच नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि भूक पाहून एक-दोन वेळा मधले खाणे द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मधले खाणे हे लाड नव्हेत. ते जेवणाचाच एक भाग होय. बिस्किटाने त्या इवल्या पोटातली जागा मैदा आणि साखर यांनी अडते, दात बिघडतात आणि रात्री वरणभाताला मूल तोंड फिरवते. मग आई म्हणते, पोर जेवतच नाही!

याला तोड शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. छत्तीसगड हा भाताचा मुलूख. येथला चीला म्हणजे आपल्या घावनाचा सख्खा भाऊ. तांदळाच्या पिठात थोडे मुगाचे पीठ आणि मूठभर मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, कोवळा पाला चिरून घातला की तो मुलांसाठी उत्तम होतो. तांदळाच्या पिठाचा वाफवलेला मऊ फराही तसाच. मुर्रा, अर्थात कुरमुरा, येथे घरोघरी असतो. पण वाटीभर मुर्ऱ्याचे वजन जेमतेम पंधरा ग्रॅम भरते आणि पोट भरल्याचा नुसता भास होतो. त्यात शेंगदाण्याचे बारीक कूट, उकडलेला बटाटा, चमचाभर तेल आणि लिंबू पडले की त्याच वाटीला वजन येते. बस्तरकडे मडिया म्हणतात ती नाचणी. तिच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो, आणि तांदळात तो नाममात्रच. नाचणीची पेज किंवा धिरडे आठवड्यातून दोनदा असावे. केळे तर सोलले की तयार.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे चार-पाच वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नयेत. दाणा श्वासनलिकेत अडकला तर डॉक्टरकडे पोहोचण्याइतकाही वेळ मिळत नाही. दाणे कुटावेत, द्राक्षे उभी चिरावीत; खाताना मुलाने बसलेलेच असावे. एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवण्याची जुनी चालही सोडणेच बरे.

पैशावाचून हे होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी बिलासपूरजवळच्या गनियारी गावाकडे पाहावे. तेथील जनस्वास्थ्य सहयोग या डॉक्टरांच्या संस्थेने खेड्यापाड्यांत फुलवारी नावाची पाळणाघरे उभी केली. आई शेतावर गेली की सहा महिने ते तीन वर्षांचे मूल गावातल्याच बाईच्या स्वाधीन होते. त्याला सत्तू मिळतो, तेल घातलेली खिचडी मिळते. मोठी भावंडे बाळ सांभाळण्यातून सुटतात आणि शाळेत जाऊ शकतात. पुढे सरगुजा भागात राज्य शासनानेही फुलवाऱ्या चालविल्या. रायपूरच्या सुशिक्षित वस्तीत बिस्किटे आणि रानातल्या पाड्यावर सत्तू, हा उलटा न्याय पाहून नवल वाटते.

अर्थात मराठी माणसाला ही कल्पना अगदी नवी नसावी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले आणि 1957 मध्ये कोसबाडला नेले. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. मूल आधी स्वच्छ व्हावे, खावे आणि मग शिकावे, हा तेथील क्रम होता.

खाण्याइतकीच खाऊ घालण्याची रीतही महत्त्वाची. दीड वर्षाचे मूल स्वतःच्या हाताने खाऊ पाहते. निम्मे सांडते, कपडे माखते, आणि सांभाळणारी बाई घाईने घास कोंबू लागते. त्याला सांडू द्यावे. नको म्हटल्यावर वाटी उचलावी. गोष्टीची लालूच किंवा धाक दाखवू नये. दूधही बेताचेच द्यावे. पेल्यामागून पेले दूध प्यालेले मूल दुसरे काही खात नाही, आणि दुधात लोह अत्यल्प असल्याने त्याच्या अंगी रक्त कमी पडू लागते. हात मात्र सर्वांचे साबणाने धुतलेले हवेत, प्रथम वाढणारीचे.

सायंकाळी सहा वाजता आई दाराशी येते, तेव्हा पाळणाघराच्या बाईंनी एवढे सांगितले तरी पुरे: आज चीला अर्धा खाल्ला, केळे संपवले, पेज नाकारली. म्हणजे रात्रीच्या ताटात काय वाढायचे, हे आईला स्वयंपाकघरात शिरण्याआधीच कळेल.