भुयार, समाधि आणि कथा

भयकथेला भुयार फार मानवतें. रोमच्या भूगर्भांतील दफनगृहांनीं कित्येक पाश्चात्य कथाकारांना भुरळ घातली. अमेरिकन लेखक पो याच्या १८४६ सालच्या एका कथेंत तर तशाच तळघरांत एक माणूस जिवंत चिणला जातो.

मराठी कथाकारानें असें स्थळ कोठें शोधावें? मी म्हणेन, प्रथम आळंदीस आणि मग तेरला. ज्ञानेश्वरांनीं १२९६ मध्यें जिवंतपणीं समाधि घेतली. पुढें अजानवृक्षाची मुळी त्यांच्या कंठास लागली व ती दूर करण्यास एकनाथ त्या विवरांत उतरले, असें परंपरा सांगते. तीन शतकें अंधारांत कोणी बसलेलें आहे, आणि त्याला मुळी खुपते आहे! येथें प्रेत नाहीं, सूड नाहीं. तरी अंगावर कांटा येतो.

तेरला तेरणेकांठीं गोरोबाकाकांची समाधि आहे. पण त्याहून खोल विवर म्हणजे त्यांचा चिखल. भजनांत तल्लीन होऊन तो तुडवितांना पोटचें मूल पायाखालीं गेलें, ही कथा घरोघरीं ठाऊक आहे. पहिल्या शतकांतील ग्रीक खलाशांच्या ग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलेलें तगर नगर याच गांवाच्या पांढरींत गाडलें आहे. तिनें दिलेल्या मातीच्या बाहुल्या तेथील लामतुरे संग्रहालयांत आहेत.

ज्या मातीनें मूल घेतलें, तिनेंच बाहुल्या जपल्या. पायाखालीं काय आहे हें न कळतां आपण चालत असतों. भयकथेनें तेथूनच आरंभ करावा.