आई, परेड आणि उणे सहा

नोव्हेंबर लागला की न्यू जर्सीतल्या मित्रांचा एक ठरलेला फोन येतो. "अरे, आई आल्यात भारतातून. थँक्सगिव्हिंगला मेसीजच्या परेडला न्यावं का?" माझं उत्तर 'हो' असतं. पण त्याआधी मी काय घोळ घातला होता तो ऐकवतो, म्हणजे तुम्ही तरी घालणार नाही.

गोष्ट २०१८ची. त्या वर्षी मार्चमध्ये बाबा गेले आणि ऑक्टोबरात आई माझ्याकडे जर्सी सिटीला आली. घरात गप्प गप्प असायची. परेडचं नाव काढल्यावर मात्र म्हणाली, "मिरवणूकच ना? मग जाऊ की. मिरवणूक उभं राहूनच बघायची असते." उभं आयुष्य लक्ष्मी रोडलगत गेलेलं, त्यामुळे मिरवणुकीच्या बाबतीत तिला कोणी शिकवायचं कारण नव्हतं.

२२ नोव्हेंबरला पहाटे साडेचारला आम्ही निघालो. पाथ ट्रेनने मॅनहॅटन, तिथून सबवेने कोलंबस सर्कल. सहाच्या सुमाराला सेंट्रल पार्क वेस्टवर, अडुसष्टाव्या रस्त्याजवळ बॅरिकेडला चिकटून जागा मिळाली. तापमान उणे सहाच्या आसपास. त्यात वारा. गेल्या शंभर वर्षांतल्या सगळ्यात थंड थँक्सगिव्हिंगपैकी ते एक होतं, हे नंतर बातम्यांत कळलं. आईला दोन स्वेटर, माझं जाकीट, वर शाल आणि कानटोपी. फक्त डोळे दिसत होते.

नऊपर्यंत करायचं काय? मग मी तिला इतिहास सांगत बसलो. ही परेड सुरू झाली १९२४ साली. दुकानातले कर्मचारीच वेशभूषा करून चालले. त्यांच्यातले बरेचजण युरोपातून नुकतेच आलेले. सोबत सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयातून आणलेले खरे प्राणी. तेव्हा सुरुवात पार वर हार्लेममधून व्हायची; आता सत्याहत्तराव्या रस्त्यापासून चौतिसाव्यापर्यंत, म्हणजे साधारण चार किलोमीटर. जनावरांना पोरं घाबरायला लागली म्हणून १९२७ला मोठे फुगे आले. टोनी सार्ग नावाच्या कठपुतळीवाल्याची ती कल्पना. पुढच्या वर्षी तर परेड संपल्यावर फुगे चक्क आकाशात सोडून दिले आणि परत आणून देणाऱ्याला बक्षीस लावलं! दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते ४४ परेड बंद होती, कारण रबर आणि हेलियम दोन्ही लढाईला हवं होतं.

आई ऐकत होती, पण नुसतं "हं" म्हणत होती. आठच्या सुमाराला तिने बॅरिकेड दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "चक्कर आल्यासारखं होतंय रे."

तेव्हा विचारल्यावर कळलं. आदल्या संध्याकाळपासून तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता. दोन दिवसांपूर्वी तिने मला सहज विचारलं होतं, "तिथे बाथरूमची सोय असेल ना?" आणि मी फोनमध्ये बघत म्हटलं होतं, "नाही गं, तिथे काहीच नसतं." झालं. सत्तरीच्या बाईने त्यावर तिचा उपाय काढला होता. मला सांगितलंसुद्धा नाही.

खरं सांगतो, त्या क्षणी परेड वगैरे सगळं डोक्यातून गेलं. बायकोला जागेवर ठेवलं आणि आईला घेऊन मागच्या गर्दीतून बाहेर पडलो. जवळची दोन कॉफीची दुकानं बंद होती. शेवटी एका इमारतीच्या दरवानाने तिच्याकडे पाहिलं आणि मी काही बोलायच्या आत दार उघडलं. आत सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, बाथरूम दाखवलं. वीस मिनिटांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला. मी म्हटलं, "आई, घरी जाऊ. टीव्हीवर दाखवतात." तर म्हणते, "एवढं गारठून घरी? उगाच काय!"

परत येताना गर्दी दुप्पट झाली होती. बॅरिकेडपाशी नातीला घेऊन आलेले एक आजोबा होते, आमच्या शेजारी पहाटेपासून. त्यांनी आईला बघितलं आणि लोकांना बाजूला करून वाट काढून दिली. त्यांची घडीची खुर्चीही देऊ केली. आई बसली नाही, पण तिच्यावर हात टेकून उभी राहिली.

नऊला परेड बरोबर नऊला निघाली. आईचा पहिला शेरा : "वेळेवर?" पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीला चोवीस तास पुरत नाहीत, ही तेव्हा तीन तासांत संपायची.

वाऱ्यामुळे फुगे उडवणार की नाही, ते सकाळपर्यंत ठरत नव्हतं. १९९७ साली आम्ही होतो तिथून चारच रस्ते वर, बहात्तराव्या रस्त्यावर, एक मोठा फुगा वाऱ्याने दिव्याच्या खांबावर आदळला. खांबाचा तुकडा डोक्यात पडून एक बाई जवळपास महिनाभर कोमात होती. तेव्हापासून नियम आहे : वारा ताशी ३७ किलोमीटरच्या वर, किंवा झोत ५५च्या वर गेला तर मोठे फुगे उडवायचे नाहीत. त्या दिवशी उडवले, पण बरेच खाली धरून.

त्यामुळे आम्हाला वेगळंच दिसलं. पिकाचू आला, पोरं किंचाळली, सगळ्यांचे फोन वर. आई मात्र खाली बघत होती. एकेका मोठ्या फुग्याला ऐंशी-नव्वद माणसं लागतात, आणि ती पगारी नसतात. कर्मचारी, त्यांच्या ओळखीचे, हौसेने आलेले. पुढे एकजण फुग्याकडे तोंड करून उलटा चालत असतो आणि सगळ्यांना इशारे देतो. वाऱ्याचा झोत आला की सगळे एकदम मागे रेलत होते. त्यांत आईच्या वयाच्या बायका होत्या, लाल नाकाच्या.

"हे ओढत नाहीयेत रे," ती म्हणाली. "धरून ठेवतायत."

मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तुझे बाबा पण दोरच धरायचे. मंडळाच्या ढोलवाल्यांभोवती. पंचवीस वर्षं. गणपती कधी धड बघितला नाही त्या माणसाने, पाठ करून उभे." मार्चनंतर बाबांबद्दल ती स्वतःहून बोललेली ती पहिली वेळ. पुढे गोकू आला, बँड आले, शेवटी सांता आला. आई बोलत राहिली. कुठल्या वर्षी बाबांच्या हाताची सालटी निघाली, कुठल्या वर्षी ते दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले. मी अर्धी परेड बघितलीच नाही.

तर आता कामाचं. वयस्कर माणूस सोबत असेल तर आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी नॅचरल हिस्टरी म्युझियमपाशी जा. तिथे फुगे फुगवताना बघता येतात. जाळ्यांखाली पालथे पडलेले असतात, वाळूच्या पिशव्यांनी दाबून ठेवलेले. चालत राहायचं असतं, त्यामुळे गारठत नाही. परेडलाच जायचं असेल तर बसायला घडीचं काहीतरी, पायात दोन मोजे आणि हात शेकायच्या पुड्या घ्या. जवळचं बाथरूम आदल्या दिवशीच शोधून ठेवा.

आणि निघताना "पाणी प्यायलीस का" असं विचारू नका. त्या "हो" म्हणतात. समोर बसा आणि ग्लास रिकामा होईपर्यंत उठू नका.