परमुलखात आधाराचं घर

सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मिशनच्या कामासाठी मुंबईत आल्या. तेव्हा आपल्या खंडाळ्याच्या घाटात रेल्वेही नव्हती. अशा बाईने आधीपासून इथे असलेल्या मिशनरी जोडप्यांच्या आधाराने राहायचं, ही तेव्हाची रीत. त्यात नजर ठेवणं आलंच म्हणा! पण आजारपणात उशाशी बसायला माणूस असायचं. पुढे त्यांनी अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. १८६२ मध्ये तिथेच वारल्या.

आज आपल्या मावळातल्या मुली तळेगावच्या कंपन्यांत जातात, खोली करून राहतात. गटातल्या ज्या ताईंचं घर तिकडे आहे, त्यांनी आणि दादांनी रविवारी त्या खोलीवर चक्कर मारावी, असं आम्ही पुढच्या बैठकीत मांडणार आहोत. पगार झाला का, रात्रपाळीला गाडी येते का, एवढंच विचारायचं. लग्नाचं नाही.