चाक पडताना पाहणारा माणूस



विमान उडतं कसं, हे इथं परभणीतल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. थेट ६ मे २०२१ वर येतो.

एका रुग्णाला मुंबईला नेणारी हवाई रुग्णवाहिका, बीचक्राफ्ट सी-९०, नागपूरहून उडाली आणि उडतानाच तिचं एक चाक निखळून खाली पडलं. आत पाच जण. कॅप्टन केसरी सिंह यांनी रात्री मुंबईत विमान पोटावर उतरवलं. पाचही सुखरूप. त्यांच्या कौशल्याला माझा नमस्कार आहेच. पण मला बोलायचंय ते नागपूरला पहाऱ्यावर असलेल्या सीआयएसएफच्या जवानाबद्दल. त्यानं चाक पडताना पाहिलं आणि तिथल्या तिथं कळवलं.

(श्रोत्यांतून : पायलटला कळत नाही का?)

बरं विचारलंत. कॉकपिटमध्ये चाकांच्या पायांचे हिरवे दिवे असतात. पाय खाली येऊन पक्का अडकला की दिवा लागतो. दिवा पायाची खबर देतो, चाकाची नाही! ते जमिनीवरून कुणाला तरी दिसावं लागतं. एका बाजूला चाक नसताना पायांवर टेकलं, तर विमान त्या अंगाला कलून गर्रकन फिरू शकतं. पोटावर ते बरंचसं सरळ घसरत जातं. आधी कळलं म्हणून धावपट्टीवर फेस पसरता आला, बंब तयार ठेवता आले.

आता आपल्याच स्टेशनवर चला. न थांबणारी गाडी धडधडत जाते, तेव्हा रेल्वेचा माणूस हिरवा झेंडा धरून उभा असतो. लोकांना वाटतं, गाडीला सलाम ठोकतोय. (हशा) हसू नका, फार मोठं काम आहे ते. डब्याखाली काही लोंबतंय का, चाकाजवळून धूर येतोय का, हे तो बघत असतो. आंस तापत गेला की तुटतो आणि डबे रुळांवरून उतरतात. पावसात, मे महिन्याच्या झळांत, रात्री हातात बत्ती घेऊन तो उभा असतो. गाडी सुखरूप पुढं गेली की त्याचं नाव कुठं येत नाही. मला ते आलेलं हवंय!

पुढच्या रांगेतले इंजिनिअर मान हलवताहेत. साहेब, रुळांलगत उष्णता टिपणारी यंत्रं आली आहेत, मला माहीत आहे, आणि ती हवीतच. पण यंत्राला जे मोजायला लावलं, तेवढंच ते मोजतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मग पाहूनही नीट न सांगितल्याचं एक उदाहरण, अमेरिकेतल्या मायामीचं, थोडक्यात. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सच्या ४०१ क्रमांकाच्या विमानात पुढच्या चाकाचा दिवा लागेना. पाय खाली होता, बल्ब गेला होता. वैमानिक त्या बल्बात गुंतले, विमान हळूहळू खाली येत राहिलं. नियंत्रकाला रडारवर उंची ९०० फूट दिसली. हवी होती २०००. त्यानं विचारलं एवढंच, की कसं काय चाललंय? उंचीचा आकडा उच्चारला नाही. विमान कोसळलं, १०१ माणसं गेली.

अध्यक्ष उठले, थांबतो. ज्यांचे प्रश्न राहिले, त्यांनी मंचाजवळ यावं.